रिलायंट रॉबिन घेण्यापूर्वी
तुम्ही रिलायंट रॉबिन घेण्याच्या विचारात आहात, याचा मला मनापासून आनंद वाटतो. इंग्लंडमधील टॅमवर्थ येथे १९७३ पासून तयार झालेल्या या तीनचाकी मोटारगाडीचे वजन हलके ठेवल्यामुळे, त्या काळी ती मोटारसायकलच्या परवान्यावर चालवता येत असे आणि तिला करही कमी पडत असे. याच सोयीसाठी समोरच्या बाजूला एकच चाक दिले गेले, आणि तिच्या रचनेतील मूळ दोषही हाच आहे: वळणावर ती कलंडू शकते.

गाडी पाहायला जाल तेव्हा चकचकीत बॉडीवर विसंबू नका. फायबरग्लास गंजत नाही, पण त्याखालची पोलादी चासी (गाडीचा सांगाडा) आतून पोखरलेली असू शकते. म्हणून गाडी उचलून, मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगा जिथे जोडलेल्या असतात तो भाग टोकदार हत्याराने टोचून पाहा. पुढच्या चाकाचा किंगपिन, म्हणजे ते चाक ज्यावर वळते ती खीळ, सैल नाही ना, हेही चाक हलवून तपासा. इंजिन अ‍ॅल्युमिनियमचे असल्याने रेडिएटरमध्ये नुसते पाणी कधीही घालू नका. योग्य कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) नसेल तर इंजिन आतून झिजते आणि तापल्यावर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालची सील, जाते.

चालवताना वेग वळणाआधीच कमी करा, वळणात ब्रेक दाबू नका. स्टिअरिंग उजवीकडे असल्याने एकटे असताना डावे वळण अधिक जपून घ्यावे लागते, कारण तुमचे स्वतःचे वजन तेव्हा बाहेरच्या बाजूला, जिथे पुढे आधाराला चाकच नाही, तिकडे झुकते.