लेसिकनंतर (नंबर घालवायच्या लेसर ऑपरेशननंतर) रात्री दिव्यांना काटे फुटलेले दिसतात. सेमी-सॉफ्ट (RGP, म्हणजे आकार न सोडणाऱ्या कडक) लेन्सने फरक पडेल का?

पडतो. मला पडला. आणि "६/६ आहे, आता कसली तक्रार?" असं जे कोणी तुम्हाला ऐकवतात, त्यांचं अजिबात मनावर घेऊ नका. ६/६ म्हणजे डोळे तपासायच्या तक्त्यावर नजर पूर्ण, पण तो तक्ता उजेडात वाचायचा असतो. अंधारात बाहुली मोठी होते, लेसर केलेल्या भागाच्या कडेवरूनही प्रकाश आत येतो आणि सगळा पसरतो. तक्त्यावर ते दिसणारच नाही.

मी शेवटची ओळ घडाघडा वाचायचो, पण अक्कलकोट रोडला रात्री समोरून ट्रक आला की त्याच्या हेडलाइटमध्ये दुभाजक गडप. दवाखान्यात तेच उत्तर, ६/६. थोरले मेहुणे तर चारचौघांत म्हणायचे, "दाजी, मनाचे खेळ आहेत. गाडी चालवायचा कंटाळा आलाय तुम्हाला." फार लागायचं ते.

शेवटी एका ऑप्टोमेट्रिस्टने टोपोग्राफी (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, म्हणजे कॉर्नियाचा नकाशा) काढली आणि उजव्या डोळ्यात ट्रायल लेन्स बसवली. संध्याकाळ झाली होती, मला गॅलरीत उभं केलं. डावा डोळा झाकला तर समोरच्या खांबावर एकच स्वच्छ दिवा. उजवा झाकला की तोच दिवा झाडूसारखा पिंजारलेला. मेहुणे शेजारीच होते. त्यांना विचारलं, मनाचा खेळ असता तर एकाच डोळ्याचा कसा थांबला?

चष्म्याने नंबर भरून निघतो, हे पसरणं नाही. सॉफ्ट लेन्स कॉर्नियाचाच आकार घेते, म्हणून तिचाही फारसा उपयोग नाही. सेमी-सॉफ्ट आपला आकार सोडत नाही. लेन्स आणि कॉर्निया यांच्यामधली जागा अश्रूंनी भरते आणि प्रकाशाला गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो.

मात्र मायनस नंबराच्या लेसिकने कॉर्निया मधोमध सपाट होतो, तिथे साधी सेमी-सॉफ्ट घसरते. रिव्हर्स जिओमेट्री (मधोमध सपाट, कडेला जास्त वक्र) किंवा स्क्लेरल (डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी लेन्स) मागा. स्क्लेरल महाग पडते, पण आपल्या सोलापूरच्या धुळीत तीच बरी, कडेने कचरा कमी शिरतो. त्रास कोरड्या डोळ्यांमुळे किंवा उरलेल्या नंबरामुळे असेल तर आधी त्याचा इलाज करा. ट्रायलला शक्यतो अंधार पडल्यावर जा, आणि घरात जो कोणी शंका घेतो त्याला बरोबर न्या.

लेन्सला नळाचं पाणी लावू नका, घालून झोपू नका. डोळा लाल झाला किंवा दुखला तर लेन्स काढून त्याच दिवशी दाखवा.