मुका शिपाई आणि बैलाचं आवतण

पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या व्हिडिओ गेमची फाइल मिळाली. तिन्ही पातळ्या खेळून झाल्या. बर्फ, चौकीवरचा वारा, गोळीबार, सगळं जागच्या जागी आहे. तुझा नायक, तो हवालदार, मात्र रिकामा आहे. तुला तो अबोल करायचा होता, तो नुसता गप्प झाला. तू लिहितेस की यावर उपाय म्हणून शेवटी त्याची डायरी सापडते, तीन पानांची, आणि तीत तो मनातलं सगळं सांगतो. ती डायरी काढून टाक. दोन तास तोंड न उघडलेला माणूस एकदम निबंध लिहायला लागला की खेळणाऱ्याला तिथं हवालदार दिसत नाही, तू दिसतेस.

अबोल माणूस शोधायला तुला लांब जावं लागणार नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी गोठ्यात जाऊन बघ. वर्षभर पोराशी ‘जेवला का’ यापलीकडं न बोललेला कास्तकार बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळतो आणि म्हणतो, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ बैलाला तो ‘या’ म्हणतो. पोराला ‘ये’ म्हणायला त्याची जीभ वळत नाही. अबोल शिपायाचं पात्र लिहिताना पहिला प्रश्न हाच विचार: याचा बैल कोण? जगापुढं दार बंद आणि एका जागी फट, असं असेल तरच बंद दाराला अर्थ येतो. फटच नसेल तर ती भिंत झाली, आणि भिंतीकडं कोणी दोन तास बघत बसत नाही.

हेलो या व्हिडिओ गेममधला मास्टर चीफ याचं सगळ्यात अभ्यासण्यासारखं उदाहरण. २००१ पासून तो हिरव्या चिलखतात आहे, चेहरा काचेआड. सहा वर्षांचा असताना घरातून पळवून नेऊन सैनिक बनवलेला मुलगा, नाव जॉन, क्रमांक ११७. बोलतो मोजकं. त्याचा बैल म्हणजे कोर्टाना, त्याच्या हेल्मेटात राहणारी कृत्रिम बुद्धी. २०१२ च्या हेलो ४ मध्ये कळतं की अशा बुद्धीचं आयुष्य सात वर्षांचं असतं आणि तिला आठ झाली आहेत. ती त्याच्या कानात तुटत चालली आहे. यावर तो काय बोलतो ते नीट ऐक. ‘मला भीती वाटते’ असं तो कुठंही म्हणत नाही. तो म्हणतो, पृथ्वीवर जाऊ, हॅल्सीला गाठू, तिनं तुला घडवलं, तीच तुला दुरुस्त करेल. त्याची माया बेत आखण्यातून बाहेर पडते. पोराचा ताप उतरत नसताना बाप उशाशी बसत नाही, मोटारसायकलमध्ये पेट्रोल किती आहे ते बघायला जातो, तसंच हे. तुझ्या हवालदाराचं एकेक वाक्य यावर घासून बघ. भावनेचं नाव वाक्यात आलं असेल तर ते खोडून तिथं एखादं काम लिही.

(२०२२ च्या टीव्ही मालिकेनं पहिल्याच भागात चीफचं हेल्मेट उतरवलं. अनेक चाहते चिडले आणि माझ्या मते त्यांचं बरोबर होतं. हेलो ४ सर्वांत अवघड पातळीवर संपवणाऱ्याला शेवटी फक्त त्याचे डोळे दिसतात, आणि तेवढे पुरतात.)

आता हातांचं. सिनेमात बघणारा बसून असतो, खेळात त्याची बोटं बटणांवर असतात. म्हणून शिपायाचं दुःख चेहऱ्यावर दाखवण्यापेक्षा खेळणाऱ्याच्या बोटांत उतरवणं जास्त खोल जातं. २००४ च्या मेटल गिअर सॉलिड ३ मध्ये नायकाला शेवटी स्वतःच्या गुरूलाच मारायचं असतं. पांढऱ्या फुलांचं शेत, ती खाली पडलेली, आणि चाप खेळणाऱ्यालाच ओढावा लागतो. हाच प्रसंग आयता चित्रफितीत दाखवला असता तर लोक हळहळले असते आणि विसरले असते. २०१० च्या हेलो: रीचच्या शेवटच्या टप्प्यात उद्दिष्ट एकच दिलं आहे, तग धरा. जिंकता येतच नाही. मार बसत जातो तशी हेल्मेटची काच तडकत जाते, आणि आपण त्याच काचेतून बघत असतो. एक शब्द लागत नाही.

तुझ्याकडं असं साधन आधीच आहे आणि ते तुझ्या लक्षात आलेलं नाही. पहिल्या पातळीत हवालदाराच्या पिशवीला तू घुंगरू लटकवलंस. विकलेल्या बैलाचं असावं. पुढं ते कुठंच येत नाही. शोभेला ठेवू नकोस, त्याची किंमत लाव. चालताना ते वाजतं आणि ६ मीटरपर्यंत ऐकू जातं; पळताना १२. एक बटण धरलं की तो डाव्या मुठीत घुंगरू आवळतो, आवाज दीड मीटरवर येतो. पण डावा हात अडकला, म्हणून मॅगझिन बदलायला २ सेकंदांऐवजी ३ लागतात आणि नेम थोडा हलतो. ते काढून फेकायची सोयही ठेव. फेकलं तर सगळं सोपं होतं.

इथं तीन ठिकाणी माती होते. पहिलं, घुंगरू सांभाळल्याबद्दल गुण, पदक, काहीही देऊ नकोस. बक्षीस ठेवलंस की माया संपली, हिशेब सुरू झाला. दुसरं, ते कोणाचं हे तिसऱ्या पातळीपर्यंत सांगू नकोस. आधी ओझं, मग कारण. कारण आधी कळलं तर खेळणारा ते कर्तव्य म्हणून वाहतो. तिसरं, किंमत जास्त झाली तर सगळेच पहिल्या अर्ध्या तासात फेकतील. चाचणीत निम्म्याहून जास्त पोरांनी तसं केलं तर ३ सेकंदांचे अडीच कर, नेम हलणं मात्र राहू दे.

बंदुकीतही जागा आहे. हवालदाराच्या इन्सास रायफलच्या मॅगझिनमध्ये २० गोळ्या, आणि तू एका दाबात तीन गोळ्या सुटणारा बर्स्टच ठेवला आहेस. सहा बर्स्ट म्हणजे १८, दोन उरतात. त्याला पुटपुटत मोजायची सवय लाव: एक, दोन, तीन... ‘सहा’ म्हटलं की तो मॅगझिन बदलतो. दोन पातळ्या हे अचूक चालू दे, खेळणाऱ्याचा त्याच्या मोजण्यावर भरवसा बसला पाहिजे. तिसऱ्या पातळीत सोबतचा शिपाई पडल्यावर त्याची मोजणी चुकव. पाचव्यालाच ‘सहा’ म्हणू दे. मात्र चूक खेळाची नाही, हवालदाराची आहे हे दिसलं पाहिजे, नाहीतर लोक तुला बिघाड म्हणून कळवतील. त्यासाठी मॅगझिन काढल्यावर अर्धा सेकंद तो त्याच्याकडं बघतो, आत ५ गोळ्या दिसतात, तेच मॅगझिन परत चढवतो. पडद्यावरचा गोळ्यांचा आकडा मात्र बरोबरच ठेव.

लढाईतल्या छोट्या हाकांवर तू फार कमी मेहनत घेतली आहेस. २०१२ चा स्पेक ऑप्स: द लाइन हा खेळ यासाठी बघ. नायक सुरुवातीला कवायतीच्या भाषेत आज्ञा देतो, शेवटाकडं तोच माणूस त्याच कामासाठी शिव्या देत ओरडतो. गोष्ट कोणी सांगत नाही, आवाज सांगतो. तुझ्या हवालदाराचं उलटं कर, तो ओरडत जाणार नाही, आटत जाईल. चार प्रसंग धर: मॅगझिन बदलताना, शत्रू पडल्यावर, सोबत्याला लागल्यावर, गोळ्या संपल्यावर. प्रत्येकाचे तीन टप्पे, प्रत्येक टप्प्याला चार पर्याय, एकूण ४८ ध्वनिफिती. पहिल्या टप्प्यात पूर्ण वाक्य, ‘डावीकडून येताहेत, खाली राहा.’ दुसऱ्यात ‘डावीकडून.’ तिसऱ्यात नुसता श्वास आणि हाताची खूण. तू खेळ बनवतेस त्या गोडो सॉफ्टवेअरमध्ये ध्वनिफिती आलटून पालटून वाजवणाऱ्या ऑडिओस्ट्रीमरँडमायझरला पुनरावृत्ती टाळणारा पर्याय आहे, तो निवड. चारपेक्षा कमी पर्याय ठेवलेस तर दहा मिनिटांत तेच ते ऐकू येऊन माणूस खेळणं वाटायला लागतो. टप्पा बदलताना एकदम उडी नको; नव्या टप्प्याच्या सुरुवातीला चारातली एखादी हाक जुन्या टप्प्यातली येऊ दे.

आवाज कोणाचा घ्यायचा? झाडीपट्टीच्या नाटकातला नट घेण्याचा तुझा विचार कळला. वडशाकडची ती मंडळी उघड्या मंडपात शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोचवतात, आणि तीच सवय इथं आड येईल. माईकला शेजारच्या बाजेवर बसून बोलणारा माणूस हवा. तुमच्या तालुक्यात निवृत्त हवालदार सापडेल, त्याला विचार. शौर्याचे प्रश्न विचारू नकोस, त्यांची उत्तरं ठरलेली असतात. मोजे कुठं वाळवायचे, पहाऱ्यावर झोप कशी मोडायची, खिशात काय असायचं, घरून आलेला फराळ कोणाला द्यायचे, असं विचार. तुझा हवालदार गार्ड्‌सचा आहे, त्या रेजिमेंटचं केंद्र कामठीला, म्हणजे रंगरूट म्हणून तो तिथंच होता, घरापासून काही तासांवर. इतक्या जवळून सुटून तो बर्फात गेला, हे तू कुठंच वापरलं नाहीस.

ध्वनिमुद्रण लाइन गेल्यावर कर. तेव्हा मोटारपंप बंद, पंखे बंद, पिठाची गिरणी बंद, गावाला अशी शांतता एरवी मिळत नाही. मोबाइल भरलेला ठेव, ४८ किलोहर्ट्‌झवर डब्ल्यूएव्ही फाइल घे. तोंडापासून एक वीत, समोर नाही, थोडा तिरपा, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’चे धक्के बसत नाहीत. मागं आणि बाजूंना गोधड्या टांग. सर्वांत मोठी हाक उणे १२ डेसिबलच्या आसपास थांबली पाहिजे, वर गेली तर फाटते आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही. मागची खरखर काढणारं साधन जपून वापर. ते खरखरीबरोबर श्वासही खातं, आणि तिसऱ्या टप्प्यात याच्याकडं श्वासाशिवाय दुसरं काही नाही.

घरच्या फोनचा प्रसंग तू चांगला लिहिला आहेस, फक्त लांब आहे. इतकं पुरे:

‘जेवला का रे?’
‘हो.’
‘थंडी लय असन तिकडं.’
‘नाही, बरी आहे. पराटी कशी आहे?’
‘बरी आहे.’

बोंडअळीनं पराटी गेली हे खेळणाऱ्याला आधीच्या पातळीत भावाच्या संदेशातून कळलेलं असलं पाहिजे, आणि चौकीवरचं तापमान पडद्याच्या कोपऱ्यात दिसत असलं पाहिजे. दोघंही खोटं बोलतात आणि ऐकणाऱ्या तिसऱ्याला दोन्ही खोटी ठाऊक आहेत. यानंतर ‘ठेवतो’ हे एकच बटण दाखव. दाबलं नाही तर काही बोलणं नाही, पलीकडं भांडं वाजतं, कोंबडी ओरडते, कोणीतरी खाकरतं. २० सेकंदांनी रेंज जाते. खाली ‘शांतता’ असं लिहू नकोस. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी पाटी हवीच, पण तिच्यावर फक्त ‘भांड्याचा आवाज’ एवढंच येऊ दे.

अभिनयाचं थोडक्यात सांगते. गावाचं नाव कानावर आलं की त्याची मान वळते, पण १२ चौकटी (फ्रेम) उशिरा, म्हणजे सेकंदाला ६० च्या वेगानं ०.२ सेकंद. चार चौकटींचा उशीर स्वस्त फोनवर कोणाला जाणवणार नाही, तीस चौकटींचा केलास तर नाटकी होईल. त्याच्या हातांना काम दे. २०१६ च्या डूममधला नायक एक शब्द बोलत नाही, यंत्रं लाथेनं फोडत जातो. पण ज्या वेगा नावाच्या यंत्रबुद्धीनं त्याला मदत केली, तिला बंद करायची वेळ आली तेव्हा तो थांबून आधी तिची प्रत काढून घेतो. तेच हात, एकदा हळू. तुझ्या हवालदाराचा हात दिवसभर बंदूक हाताळतो, तोच घुंगराला कापूस गुंडाळताना कसा दिसेल ते काढून बघ. जाड बोटं, सावकाश, एकदा कापूस निसटतो. पुन्हा गुंडाळतो.

चाचणीला पानठेल्यावर मोबाइलवर बीजीएमआय हा गोळीबाराचा खेळ खेळणारी पाच-सहा पोरं बसव. त्यांना ‘आवडलं का’ विचारू नकोस, हो म्हणतील. मागं उभी राहून अंगठे बघ. फोनच्या प्रसंगात ‘ठेवतो’वर अंगठा किती वेळ नुसता टेकलेला राहतो, ते वहीत सेकंदांत लिही. दोनच्या आत सगळे दाबत असतील तर दोष प्रसंगाचा नाही, त्याच्या आधीच्या पातळीचा आहे. भावाचा संदेश कोणी वाचलेलाच नाही. तो संदेश मग गोळीबारातून काढून पहाऱ्याच्या वेळी आण.

पुढची फाइल पाठवताना घुंगराचा आवाज वेगळ्या ऑडिओ बसवर, म्हणजे आवाजाच्या स्वतंत्र वाहिनीवर, ठेव. आत्ता तो पावलांच्या आवाजाबरोबर आहे आणि फोनच्या स्पीकरवर बंदुकीखाली पार बुडतो.