बँकॉकचा पहिला दिवस: दोघांनी जरा दमानं घ्या

मुंबईहून बँकॉकची बरीचशी विमानं रात्री सुटतात. तिथलं घड्याळ दीड तास पुढे, त्यामुळे उतराल तेव्हा झोप झालेली नसते, सकाळ मात्र झालेली असते. हॉटेलची खोली साधारण दुपारी दोनला मिळते. नवी जोडपी भांडतात ती याच मधल्या वेळात, हे माझं ठाम मत! बॅगा रिसेप्शनवर टाका, तोंड धुवा आणि बाहेर पडा.

टीडीएसी हा आगमनाचा फॉर्म पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरून ठेवा. तो फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर सरळ बंद करा. सुवर्णभूमी विमानतळावर खाली रेल्वे स्टेशनपाशी नोटा बदला, वरच्यापेक्षा भाव बरा मिळतो. ट्रेन अर्ध्या तासात शहरातल्या फया थाई स्टेशनला सोडते, पुढे स्कायट्रेन, म्हणजे तिथली पुलावरची मेट्रो.

पहिल्या दिवशी एकच ठिकाण करा: वाट फो हे बौद्ध मंदिर. खांदे, गुडघे झाकलेले हवेत. 46 मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध आहे. लोक चेहऱ्यापाशी फोटो काढून निघतात, तुम्ही तळपायांवरचं शिंपल्याचं जडावकाम नीट बघा. आवारातच मसाजची प्रसिद्ध शाळा आहे, पाय चेपून घ्या. बाहेर शेजारच्या राजवाड्याबद्दल ‘आज राजवाडा बंद आहे, चला दुसरीकडे नेतो’ म्हणणारा टुकटुकवाला भेटेलच. त्याच्या नादी लागू नका.

शाकाहारी असाल तर पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं असलेलं ‘जे’, म्हणजे मांस-मासे न वापरणारं, दुकान शोधा. एरवी साध्या भाजीतही माशाचा सॉस असतो.