गॅसवाहिनीच्या सुरक्षेवर देखरेख करण्याची नोकरी: सोलापूरच्या एका पालकांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. आपण अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर आहात आणि आपली मुलगी सोलापुरातच मेकॅनिकल पदविकेच्या शेवटच्या वर्षात शिकते आहे. घरासमोर गॅसच्या नळीसाठी चर खणला गेल्यापासून ‘हे काम नीट होते की नाही, हे बघते कोण?’ हा प्रश्न तिच्या मनातून जात नाही आणि तिला त्या बघणाऱ्यांतच जायचे आहे, असे आपण लिहिले आहे. दरम्यान त्याच कामाच्या कंत्राटदाराने तिला साइट सुपरवायझरची नोकरी देऊ केली आहे, तर आपल्या थोरल्या बंधूंचे म्हणणे असे की मुलीने उन्हातान्हात चराच्या काठावर उभे राहण्यापेक्षा बँकेच्या परीक्षा द्याव्यात. अशी नोकरी खरोखर असते का, ती कोठे मिळते, आणि आता पदवी करावी की ही नोकरी धरावी, हे तीन प्रश्न आपण विचारले आहेत.

अशी नोकरी असते. मात्र ती बहुधा कोणाचीही पहिली नोकरी नसते, आणि माझा पुढचा सगळा सल्ला या एका गोष्टीवर उभा आहे.

आपल्या देशात नैसर्गिक गॅसच्या वाहिन्यांवर नियमन करणारी संस्था म्हणजे पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळ. ते २००६ च्या कायद्याने अस्तित्वात आले आणि त्याचे कार्यालय दिल्लीत आहे. शहरातील वितरण जाळ्यासाठी २००८ मध्ये आणि लांब पल्ल्याच्या वाहिन्यांसाठी २००९ मध्ये मंडळाने तांत्रिक व सुरक्षाविषयक मानकांचे विनियम काढले. आपत्कालीन प्रतिसादाच्या आराखड्याचे विनियम २०१० मध्ये आले, आणि वाहिनीचे आयुष्यभर आरोग्य कसे सांभाळायचे याचे विनियम २०१२ व २०१३ मध्ये. पाइप किती खोल पुरावा, त्याची चाचणी कशी घ्यावी, कोणत्या नोंदी ठेवाव्यात आणि गळतीची तक्रार आल्यावर काय करावे, हे सगळे त्यांत आहे. सीएनजी पंपावरील साठवणुकीचे सिलिंडर आणि दाबपात्रे यांचे परवाने मात्र पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटना म्हणजे ‘पेसो’ देते, आणि तिचे मुख्यालय आपल्याच राज्यात, नागपूरला आहे. पेट्रोलियम मंत्रालयाचे तेल उद्योग सुरक्षा संचालनालय मानके तयार करते व लेखापरीक्षण करते. गॅस वापरणाऱ्या कारखान्याच्या आतील कामगारांची सुरक्षितता हा राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचा विषय आहे.

एवढी नावे वाचून सरकारी निरीक्षकांची मोठी फौज डोळ्यांपुढे येते, पण वस्तुस्थिती तशी नाही. नियामक मंडळ आकाराने लहान आहे. प्रत्यक्ष वाहिनीवर जाऊन विनियमांचे पालन झाले की नाही हे तपासण्याचे काम बव्हंशी मंडळाच्या यादीवरील त्रयस्थ तपासणी संस्था करतात, आणि त्यासाठी २०१५ चे स्वतंत्र विनियम आहेत. या संस्थांना कामावर बोलावते ती वाहिनी चालवणारी कंपनी, आणि फीही तीच देते. ज्याची तपासणी करायची त्याच्याच पैशांतून ती करण्याची ही पद्धत मला पूर्णपणे पटत नाही, आणि मुलीने या क्षेत्रात पाऊल टाकण्यापूर्वी ही गोष्ट समजून घ्यावी असे मला वाटते. उणीव सापडल्यावर ‘पुढच्या वेळी बघू’ असे सुचवणारे गोड आवाज तिला ऐकू येतील, आणि त्या वेळी तिच्या हाती तिची सही आणि तिचे तांत्रिक ज्ञान एवढेच असेल.

ते ज्ञान कसे असते याचे एक उदाहरण देतो. जमिनीत पुरलेल्या पोलादी वाहिनीला गंज चढू नये म्हणून तिच्यावर आवरण असते आणि शिवाय तिला बारीक विद्युतप्रवाह देऊन तिचे संरक्षण केले जाते. वाहिनीच्या कडेने ठराविक अंतरावर छोटे खांब असतात, त्यांत तारेची टोके असतात. तंत्रज्ञ मल्टीमीटरची एक तार तेथे जोडतो, दुसरी तांबे व मोरचुदाच्या द्रावणाच्या अर्धघटाला, म्हणजे तुलनेसाठी वापरायच्या विद्युतअग्राला, जोडून तो अर्धघट जमिनीवर टेकवतो आणि आकडा वहीत लिहितो. सर्वसाधारण निकष उणे ०.८५ व्होल्टचा आहे, म्हणजे वाचन तेवढे किंवा त्याहून अधिक ऋण असायला हवे, मात्र ते फारच ऋण झाले तर आवरणालाच इजा होऊ लागते. आता आपल्याकडची काळी माती डोळ्यांपुढे आणा. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि ती इतकी कोरडी होते की जागेवर थोडे पाणी ओतल्याशिवाय अर्धघटाचा नीट संपर्कच होत नाही, तर सप्टेंबरात तीच माती फुगून चिकट होते. अशा जमिनीतील एकाच खांबावर बारा महिने दुसऱ्या दशांश स्थळापर्यंत हुबेहूब तोच आकडा लिहिलेला दिसला, तर जाणत्या तपासनिसाला शंका येते की आकडा घेण्यासाठी तेथे कोणी गेलेच नव्हते. वहीतील आकडा नियमात बसतो आणि तरीही तो खोटा असतो. ही शंका येण्यासाठी स्वतः कधीतरी भर उन्हात त्या खांबापाशी वाकलेले असावे लागते. म्हणूनच देखरेखीची नोकरी पहिली नसते.

कागद आणि जमिनीतला पाइप यांच्यातील फरक किती महागात पडतो, हे अमेरिकेतील सॅन ब्रूनो येथे ९ सप्टेंबर २०१० रोजी दिसले. कॅलिफोर्नियातील त्या वस्तीत १९५६ मध्ये टाकलेली ३० इंची वाहिनी फुटली, आठ माणसे गेली आणि ३८ घरे नष्ट झाली. कंपनीच्या दफ्तरात त्या जागचा पाइप लांबीच्या दिशेने सांधा नसलेला असल्याची नोंद होती. प्रत्यक्षात तेथे लांबीच्या दिशेने वेल्डिंग केलेले तुकडे होते आणि ते वेल्डिंग सदोष होते. गॅसचा प्रवाह थांबवायलाच सुमारे ९५ मिनिटे लागली. तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशीअंती कंपनीला तर दोष दिलाच, पण राज्याच्या नियामकाची देखरेख या उणिवा पकडण्यात अपुरी ठरली, असेही नोंदवले. आपल्याकडे २७ जून २०१४ रोजी आंध्र प्रदेशातील नगरम गावात मुख्य गॅसवाहिनीला लागलेल्या आगीत वीसहून अधिक बळी गेले. गॅसमधील पाणी व द्रवांशामुळे पाइप आतून गंजला होता. बाहेरून आवरण आणि विद्युत संरक्षण कितीही चोख असले, तरी आतल्या गंजावर त्यांचा उपयोग होत नाही, आणि म्हणून वाहिनीतून नेमके काय वाहते याचीही तपासणी लागते.

तिसरी घटना आपल्याला जॉबर म्हणून चटकन समजेल. १३ सप्टेंबर २०१८ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील मेरिमॅक खोऱ्यात जुनी बिडाची वाहिनी बंद करून नवी जोडली जात होती. दाब नियंत्रित करणाऱ्या यंत्राला दाबाची खबर देणारी बारीक नळी मात्र जुन्या, बंद पडलेल्या वाहिनीलाच जोडलेली राहिली. तेथील दाब उतरत गेला, तसे यंत्राने ‘दाब कमी आहे’ असे समजून झडप पूर्ण उघडली आणि घराघरांत बेसुमार दाबाचा गॅस शिरला. मागावर ताण्याचा धागा तुटला की त्यावर लटकलेली धातूची पट्टी, म्हणजे ड्रॉपर, पडतो आणि माग थांबतो, पण तो ड्रॉपर भलत्याच धाग्यावर अडकून राहिला असेल तर माग बिनदिक्कत चालतच राहतो, तसा हा प्रकार होता. त्यात एका तरुणाचा जीव गेला. कामाचा लेखी आराखडा तयार होता, पण त्यात या नळ्या हलवण्याचा उल्लेखच नव्हता आणि परवानाधारक अभियंत्याने तो तपासलेला नव्हता. पुढे त्या राज्याने अशा आराखड्यांवर नोंदणीकृत अभियंत्याचा शिक्का कायद्यानेच सक्तीचा केला.

आता शिक्षणाविषयी. माझे मत पदवीच्या बाजूने आहे. पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, तो केंद्रीभूत प्रक्रियेतूनच घ्यावा, आणि सोलापुरातच महाविद्यालये असल्याने राहण्याजेवणाचा खर्च वाचेल. शाखा मेकॅनिकलच ठेवावी. ‘पेट्रोलियम इंजिनिअरिंग’ हे नाव आकर्षक वाटते, पण त्या अभ्यासक्रमाचा मोठा भाग विहिरी खोदणे आणि भूगर्भातील साठे यांविषयी असतो, आणि तिला ज्या कामाची ओढ आहे त्यासाठी त्याची गरज नाही. पदवीच्या शेवटच्या वर्षी गेट परीक्षा द्यावी, कारण गेलसारख्या सार्वजनिक कंपन्या प्रशिक्षणार्थी अधिकारी निवडताना तिचे गुण वापरतात. पेसोतील अधिकारपदे केंद्रीय लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात, तेथील पात्रतेचा कल रसायन अभियांत्रिकी व रसायनशास्त्राकडे आहे, म्हणून ती वाट धरण्यापूर्वी प्रत्येक जाहिरातीतील पात्रता शब्दशः वाचावी. नियामक मंडळात थेट नव्याने लागणे फारसे होत नाही, तेथे बहुतेक माणसे अनुभव घेऊन, प्रतिनियुक्तीवर किंवा कराराने जातात.

पदवीनंतरची पहिली पाच-सात वर्षे वाहिनी चालवणाऱ्या कंपनीच्या देखभाल विभागात किंवा त्रयस्थ तपासणी संस्थेत काढावीत. या काळात वेल्डिंग तपासणी, विनाविध्वंस चाचणी (वस्तू न तोडता दोष शोधणे) आणि गंजरोधन यांपैकी एका विषयाचे मान्यताप्राप्त प्रमाणपत्र घ्यावे, आणि तेही शक्यतो कंपनीच्या खर्चाने. औद्योगिक सुरक्षिततेची प्रगत पदविकाही नंतरच करावी. बारावीनंतर वर्षभरात ‘फायर अँड सेफ्टी’चे प्रमाणपत्र आणि आखाती देशांत नोकरीची हमी अशा पाट्या सोलापुरातही दिसतात, त्या संस्थेच्या अभ्यासक्रमाला राज्य तंत्रशिक्षण मंडळाची मान्यता आहे का, हे मंडळाच्या यादीत पाहिल्याशिवाय एक रुपयाही भरू नये.

बंधूंची काळजी मला समजते, परंतु तिचे उत्तर बँकेच्या परीक्षेत नाही. या क्षेत्रात उन्हातली कामे आहेत, रात्रपाळीही आहे, आणि नियंत्रण कक्षातील पडद्यांसमोर बसून दोनशे किलोमीटरवरची झडप हाताळण्याचे कामही आहे. मुली आज ही सगळी कामे करतात. तरीही रोजच्या प्रवासाची सोय, साइटवर स्वच्छतागृह आणि लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती यांविषयी नोकरी देणाऱ्याला आधीच स्पष्ट विचारावे. हे विचारल्याने कोणी रागावला, तर त्याचे उत्तर मिळालेच असे समजावे.

घरची आर्थिक ओढाताण आपण पत्रात मोकळेपणाने लिहिली आहे. त्यामुळे पदवी वर्षभर पुढे ढकलावी लागली, तर ते वर्ष वाया गेले असे मी म्हणणार नाही. अट एवढीच की काम शिकवणारे असावे. घरगुती जोडणीपर्यंत जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाइपचे सांधे विजेच्या उष्णतेने जोडतात. त्याआधी पाइपचा पृष्ठभाग खरवडावा लागतो, सांधा क्लॅम्पमध्ये स्थिर ठेवावा लागतो, आणि तो थंड होईपर्यंत कोणी त्याला हात लावायचा नसतो. प्रत्येक सांध्याची वेळ व व्होल्टेज यंत्र आपोआप नोंदवते. घाईच्या कामात पहिला बळी जातो तो या थंड होण्याच्या मिनिटांचा. तो सांधा दाबचाचणीत टिकतो आणि कधीतरी नंतर जमिनीखाली उघडतो. ज्या मुलीने असे शंभर सांधे जवळून पाहिले, ती पुढे कोणाच्याही नोंदवहीत असा सांधा ओळखू शकेल.

म्हणून कंत्राटदाराला होकार कळवण्यापूर्वी मुलीने दोन गोष्टी विचाराव्यात. सांध्यांच्या व दाबचाचणीच्या नोंदी तपासून त्यांवर सही करणे तिच्या कामात आहे का, की फक्त मजुरांची हजेरी आणि जेसीबीचे तास मोजायचे आहेत? आणि सांधा किंवा पाइपची खोली नियमाप्रमाणे नसेल तर काम थांबवण्याचा अधिकार तिला आहे का? दोन्हींची उत्तरे नियुक्तिपत्रात लेखी मिळाली तर वर्षभर काम करावे आणि पुढच्या वर्षी प्रवेश घ्यावा. तोंडी मिळाली तर नोकरी नम्रपणे नाकारून याच वर्षी प्रवेशप्रक्रियेत उतरावे. शुल्क सवलतीसाठी लागणारा उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून निकालाची वाट न पाहता आताच काढून ठेवावा, कारण जून-जुलैत तेथे रांगा लागतात.