'मोअर बेटर' का चालत नाही?

प्रश्न: ताई, मी सिडकोत राहते, पुढच्या महिन्यात अंबडच्या एका कंपनीत इंटरव्ह्यू आहे. प्रॅक्टिस करताना 'धिस इज मोअर बेटर' म्हणाले तर भाऊ म्हणतो चूक. 'व्हेरी कोल्डर' पण चूक म्हणे. पण आजूबाजूला तर सगळे असंच बोलतात! मग 'मोअर' लावायचं तरी कधी?

उत्तर: भाऊ बरोबर सांगतोय, दोन्ही चूक. 'बेटर'मध्ये 'जास्त' आधीच आलंय, परत 'मोअर' कशाला? गोंधळ कुठून होतो बघा, आपण मराठीत म्हणतो 'निफाड नाशिकपेक्षा थंड आहे', इथे 'थंड' जसाच्या तसा राहतो, सगळं काम 'पेक्षा' करतं, म्हणून इंग्रजीतही तोंडून पटकन 'निफाड इज कोल्ड दॅन नाशिक' निघतं, नाहीतर काहीतरी राहिलंय असं वाटून 'मोअर कोल्ड'. इंग्रजीत 'दॅन' तर हवाच, शिवाय विशेषणही बदलायला हवं: 'निफाड इज कोल्डर दॅन नाशिक'.

शब्द छोटा असला की शेवटी ई-आर, म्हणजे चीपर, टॉलर, बिगर, आणि बिगर लिहिताना जी डबल. बिझी, ईझीसारख्यांचा वाय जाऊन आय येतो, बिझिअर, ईझिअर. एक्सपेन्सिव्ह, कम्फर्टेबल, चॅलेंजिंग असे लांबलचक शब्द मात्र तसेच ठेवायचे आणि त्यांनाच 'मोअर' लावायचं. क्लेव्हरसारखे काही शब्द दोन्ही प्रकारे चालतात, त्यात आत्ता अडकू नका. गुड-बेटर, बॅड-वर्स सरळ पाठ करा. 'व्हेरी'च्या जागी 'मच' म्हणा, 'मच कोल्डर', फरक थोडाच असेल तर 'अ लिटल कोल्डर'.

अजून एक सांगते, कारण इथे चांगले शिकलेलेही चुकतात. 'साल्हेर इज हायर दॅन एनी फोर्ट इन महाराष्ट्र' ऐकायला बरोबर वाटतं ना? पण आपल्या बागलाणातला १५६७ मीटरचा साल्हेर स्वतःच महाराष्ट्रातला किल्ला आहे, मग तो स्वतःपेक्षाच उंच कसा असेल? म्हणून 'एनी अदर फोर्ट' म्हणायचं. कळसूबाई १६४६ मीटर, पण ते शिखर आहे, किल्ला नाही, त्यामुळे तिथे 'हायर दॅन एनी फोर्ट' एकदम बरोबर, 'अदर' नकोच.

जुनी नोकरी का सोडताय हे इंटरव्ह्यूत बहुतेक विचारतातच, तेव्हा 'आय वॉन्ट अ मोअर चॅलेंजिंग जॉब' हे वाक्य आत्तापासून मोठ्याने म्हणून ठेवा. ऑल द बेस्ट!

प्रश्न: मुलगा आठवीत आहे. त्याने 'ही इज सीनियर दॅन मी' लिहिलं, बाईंनी मार्क कापला. का? (पंचवटीहून एक पालक)

उत्तर: बाईंचं बरोबर आहे. सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर हे शब्द लॅटिनमधून आलेत आणि तिथे ते मुळातच तुलनेचे आहेत, म्हणून यांना 'मोअर' पण नाही आणि 'दॅन' पण नाही, यांच्यापुढे 'टू' येतो: 'ही इज सीनियर टू मी'. प्रिफर हे क्रियापद असलं तरी त्यालाही 'टू'च, त्याला सांगा, 'आय प्रिफर मिसळ टू वडापाव' असं लिही.