ब्राउझर बदलला, पण इंजिन तेच

भाऊ, तुमचे प्रश्न दोन. सेवा केंद्रातल्या कॉम्प्युटरवरून क्रोम काढून ब्रेव्ह हा ब्राउझर टाकला तर गूगलपासून सुटका झाली का, आणि जिथं पाहावं तिथं क्रोमच का. मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी असंच केंद्र चालवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुटका अर्धीच झाली. ब्रेव्हनं गूगलची बरीचशी पाळत काढून टाकली आहे, हे खरं. पण पान वाचून पडद्यावर मांडणारं इंजिन क्रोमचंच आहे, त्याचं नाव ब्लिंक. एज, ऑपेरा, विवाल्डी, सॅमसंग इंटरनेट, सगळ्यांत तेच. आपल्या कपाशीचं पहा ना, पाकिटं ढीगभर कंपन्यांची, आतलं अळी रोखणारं बीटी जनुक बहुतेक एकाच घरचं. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळी आली तेव्हा कोणतं पाकीट पेरलं होतं हे तिनं विचारलं नाही. क्रोमियममध्ये, म्हणजे क्रोम ज्यावर उभं आहे त्या खुल्या कोडमध्ये, सुरक्षेचं मोठं भोक सापडलं की एज आणि ब्रेव्हलाही घाईनं अपडेट काढावं लागतं, ते यामुळेच.

गंमत अशी की हे इंजिन गूगलनं शून्यातून बांधलेलं नाही. केडीई या खुल्या सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या मंडळींचं केएचटीएमएल हे इंजिन अॅपलनं घेतलं, त्याचं वेबकिट केलं आणि 2003 मध्ये सफारी आणली. 2008 मध्ये क्रोम आलं तेही वेबकिटवरच. 2013 मध्ये गूगलनं वेगळी चूल मांडली, तिचं नाव ब्लिंक. त्याच वर्षी ऑपेरानं स्वतःचं प्रेस्टो इंजिन सोडायचं ठरवलं. बटणाच्या नोकियावर, टूजीच्या जमान्यात ज्यांनी ऑपेरा मिनी वापरलं त्यांनी प्रेस्टोचं काम पाहिलेलं आहे. पान ऑपेराच्या सर्व्हरवर उघडायचं आणि आपल्यापर्यंत आकसून यायचं. मग डिसेंबर 2018 मध्ये मायक्रोसॉफ्टनंही हात टेकले आणि जानेवारी 2020 मध्ये क्रोमियमवरचं एज बाजारात आणलं. एके काळी ज्यांच्या इंटरनेट एक्सप्लोररशिवाय सरकारी साइट उघडत नव्हती, तेच हे!

मायक्रोसॉफ्टला पैशांची काय कमी? पण इंजिन म्हणजे कोट्यवधी ओळींचा कोड, त्यात दर महिन्याला नवी भर. दुसरीकडे क्रोमियम फुकट, कोड सगळ्यांना खुला. मग कायले कोण नवं बांधते! वरून अँड्रॉइडवर क्रोम आधीच टाकलेलं येतं. ऑक्टोबर 2022 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं गूगलला 1,337.76 कोटींचा दंड केला, त्यात हा आपली अॅप्स आधीच टाकून देण्याचा मुद्दाही होता.

पण माझ्या मते खरी पकड वेगळीच आहे. साइट बनवणारा ती फक्त क्रोमवर तपासतो. पीकविम्याचे शेवटचे दिवस होते, एका पोर्टलवर फायरफॉक्समधून सातबारा अपलोडच होईना. दारात रांग, लाइट कधी जाईल नेम नाही. तिथं तत्त्व घेऊन कोण बसणार, मी क्रोम उघडलं. आता त्या पोर्टलवाल्याला त्याच्या आकड्यांत काय दिसणार? लोक क्रोमनंच येतात. मग तो पुढच्या वेळीही दुसरीकडे तपासत नाही. वेबयूएसबीसारख्या (साइटला यूएसबीवरच्या मशीनशी थेट बोलू देणाऱ्या) सोयी गूगल आधी क्रोममध्ये देऊन मोकळं होतं. फायरफॉक्सवाल्या मोझिलानं आणि अॅपलनं सुरक्षेच्या कारणानं ती सोय नाकारली, तरी लोक म्हणणार की फायरफॉक्सच मागासलेलं.

खरे पर्याय दोनच उरलेत. वेबकिट अॅपलकडं, म्हणजे आपल्या गिऱ्हाइकांत फारसं नाही. आयफोनवर आपल्याकडं क्रोम टाकलं तरी आत वेबकिटच चालतं; दुसऱ्या इंजिनाची मुभा 2024 मध्ये मिळाली ती युरोपात. दुसरं फायरफॉक्सचं गेको. गावोगावी जो जिओफोन विकला गेला त्यातली कायओएस ही फोन चालवणारी प्रणाली मोझिलाच्या फायरफॉक्स ओएसमधूनच निघालेली, म्हणजे आपली कितीतरी माणसं नकळत गेकोच वापरत होती. मोझिलाची बरीचशी कमाई मात्र गूगलला सर्च म्हणून ठेवण्याच्या करारातून येते, हे बोचतं. सर्वो आणि लेडीबर्ड ही इंजिनं नव्यानं बांधली जात आहेत, बातम्या वाचत राहा, पण केंद्रावर त्यांच्या भरवशावर बसू नका.

तुमच्यासाठी सांगायचं तर क्रोम किंवा ब्रेव्ह अंगठ्याच्या मशीनच्या कामासाठी राहू द्या. बाकी सगळं फायरफॉक्सवर करा, त्यात जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन टाका. क्रोमनं हे जुनं एक्स्टेन्शन बंद पाडलं आहे, फायरफॉक्सवर ते पूर्ण चालतं, अँड्रॉइडवरसुद्धा. दिवसाच्या दीड जीबीत जाहिरातींचे व्हिडिओ ओढायचे नसतील तर एवढंच पुरे. एखादं पोर्टल अडलं तर गुपचूप क्रोम उघडण्याआधी मेन्यूतल्या साइट बिघडल्याच्या तक्रारीवर एकदा टिचकी मारा, आणि पोर्टलच्या हेल्पडेस्कला स्क्रीनशॉटसकट मेल करा. उत्तर येईलच असं नाही.