पाक साखरला तर बिघडलं कुठे?

मे महिन्याच्या अंकात मी एका ओळीत लिहून मोकळी झाले होते की, संत्र्याच्या सॅलडवर साखरेत घोळवलेले अक्रोड टाका, मजा येते. त्या एका ओळीपायी किती घरांत कढया जळल्या ते आता जुलैच्या टपालातून कळतंय. कृती दिली नाही ही चूक माझीच. तेव्हा या वेळी लोणची, पापड, इडलीचं न फुगलेलं पीठ सगळं बाजूला ठेवते आणि फक्त हीच पत्रं घेते.

ताई, नमस्कार. सुनेला रात्री सॅलड लागतं. त्यावर टाकायचे गोड अक्रोड विकत आणायचे म्हणजे महाग, म्हणून घरी केले. पहिल्यांदा पाक साखरला, अक्रोडांवर पांढरा भुगा बसला. टाकून दिले. दुसऱ्यांदा मुलाने मोबाइलवर कृती शोधून दिली. लिंबू पिळायचं, पाक अजिबात ढवळायचा नाही. अगदी काचेसारखे चमकले! बरणीत भरले आणि सकाळी पाहते तर एकच ढेकूळ. फ्रिजमध्ये ठेवले, तर बाहेर काढल्यावर आणखीच चिकट. माझं काय चुकतंय?
— एक सासूबाई, गोरेगाव पूर्व

टाकून दिलेत तेच बरोबर झाले होते, सासूबाई. मुंबईच्या पावसाळ्यात तर नक्कीच.

घरातलंच उदाहरण घ्या. जुलैत साखरेच्या डब्यातली साखर फार तर जराशी ओलसर लागते, पण चमच्यावर मोकळी येते. त्याच साखरेची लिमलेटची गोळी मात्र कागदाला अशी चिकटते की कागदासकट चोखावी लागते. साखर तीच, फक्त तिची बसण्याची तऱ्हा वेगळी. दाणेदार साखरेत कण एकाला एक लागून शिस्तीत बसलेले असतात. हवेत अगदीच पाणी झालं तरच ती विरघळायला लागते. गोळीत किंवा काचेसारख्या पाकात ते वेडेवाकडे गोठलेले असतात आणि हवेतली ओल धरायला टपलेले असतात. आपल्याकडे या दिवसांत सकाळी हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास किंवा वरच असते. तुमच्या चमकदार अक्रोडांना रात्रभरात घाम फुटला तो त्यामुळे. फ्रिजमधून काढलेल्या गार बरणीचं झाकण लगेच उघडलं, की बाहेरच्या हवेतलं पाणी थेट अक्रोडांवर येऊन बसतं.

त्यात लिंबू. गुलाबजामच्या पाकात आपण लिंबू पिळतो ते कशासाठी? पाक साखरू नये म्हणूनच ना? आंबटपणामुळे थोडी साखर फुटते, दाणा धरत नाही, आणि फुटलेली साखर ओल आणखी ओढते. गुलाबजामला ते हवंच असतं. तुमच्या बरणीला नको होतं.

माझी स्वतःची फजिती सांगते. लग्नानंतर काही वर्षांनी श्रावणातल्या मंगळागौरीला मी असेच चकचकीत काजू करून नेले होते, गिरगावातून पार्ल्यापर्यंत, लोकलने, स्टीलच्या डब्यात. तिथे डबा उलटा केला तर काजू डब्याच्या आकारातच बाहेर आले. शेवटी यजमानीणबाईंनी खलबत्त्यातला बत्ता आणून दिला. ‘चिक्की छान झाली हो,’ असं एकजण म्हणाली. अजून विसरले नाहीये.

घरी आले तर आत्याने विचारलं, ‘अगं, हलवा कधी चिकटलेला पाहिलास का?’ आमच्या चाळीत आत्या संक्रांतीचा हलवा करायची. शेगडीत मंद निखारे, वर परात, परातीत भाजलेले तीळ. बाजूच्या पातेलीत एकतारी पाक, दूध घालून मळी काढलेला. चमचाभर पाक तिळांवर टाकायचा आणि बोटांच्या टोकांनी हलवत राहायचं. पाक सुकून साखरला की पुढचा चमचा. असं तासन् तास, कधी दोन-तीन दिवस. मग कुठे काटा यायचा. म्हणजे ज्या साखरण्याला तुम्ही घाबरलात, त्याच्यावर आपल्याकडे लेकीसुनांचे दागिने होतात.

तेव्हा आता हलव्याच्या वाटेने जाऊ. काटा नको, नुसता दाणा बसू द्या.

शंभर ग्रॅम अक्रोड घ्या, मोठे तुकडे असले तरी चालतील. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर सहा-सात मिनिटं कोरडेच भाजून ताटलीत काढा. काळी नॉनस्टिक नको, तिच्यात पाकाचा रंग कळत नाही. त्याच कढईत चाळीस ग्रॅम साखर, म्हणजे पोह्याचे नव्हे, जेवणाचे मोठे तीन सपाट चमचे, आणि दोन चमचे पाणी. चिमूटभर मीठ. आवडत असेल तर पाव चमचा लाल तिखट, मला आवडतं. आधी भराभर लहान बुडबुडे येतात, मग ते मोठे आणि आळशी होतात. या वेळी अक्रोड टाका, आच अगदी बारीक करा आणि उलथन्याने हलवायला लागा. थांबू नका. दोन-तीन मिनिटं वाटेल की काहीच होत नाहीये, नुसती चिकचिक चालली आहे. मग पाक गढूळ होईल आणि बघता बघता पांढरा. आणि आवाज बदलेल: चिकचिक थांबून कढईत खडे हलवल्यासारखी खळखळ ऐकू येईल. तिथे गॅस बंद. पावसाळ्यात इथेच थांबायचं.

ताटात पसरा, अर्धा तास पूर्ण गार होऊ द्या, मगच बरणीत भरा. कोमट भरले तर आतल्या आत वाफ धरते आणि सगळं मुसळ केरात.

तुम्हाला चमकच हवी असेल तर डिसेंबर-जानेवारीत करा. खळखळ सुरू झाल्यावर गॅस बंद न करता मंद आचेवर आणखी दोन-तीन मिनिटं हलवायचं. तो पांढरा भुगा पुन्हा वितळायला लागतो आणि बदामी होतो. निम्मा वितळला की उतरवा. सगळा वितळेपर्यंत वाट पाहिलीत तर तेवढ्यात कडू होईल. या टप्प्यावर बोट लावून चव बघू नका. ही साखर उकळत्या पाण्याच्या कितीतरी पुढे तापलेली असते आणि कातडीला चिकटून बसते. शेजारी गार पाण्याचं भांडं असू द्या.

साखरेऐवजी गूळ किंवा मध घातला तर जास्त पौष्टिक होईल ना?
— एक आजी, मुलुंड

होईल तर चिकटच. गुळात आणि मधात फुटलेली साखर मुळातच असते, दोन्ही ओल धरतात. चिक्कीचा गूळ आणून थंडीत करा आणि त्याच दिवशी संपवा. पौष्टिकपणाचं म्हणाल तर जे काही आहे ते अक्रोडात आहे. चाळीस ग्रॅम साखर आठ ताटांत वाटली गेली तर प्रत्येकाच्या वाट्याला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. त्यासाठी एवढा जीव टांगणीला लावू नका.

माझे अक्रोड साखर लावूनही कडू लागतात.
— एक गृहस्थ, दादर

दोन गोष्टी असू शकतात. सालीचा तुरटपणा असेल तर उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकून उपसा, पाणी चहासारखं लाल होईल ते ओता, पंचावर टिपून मग कढईत नीट कोरडे होईपर्यंत भाजा. खवट झाले असतील तर मात्र इलाज नाही. अक्रोडात तेल भरपूर, त्यामुळे सुक्या मेव्यात तो लवकर खवट होतो. क्रॉफर्ड मार्केटात किंवा मशीद बंदरला घ्यायला गेलात तर आधी एक तुकडा तोंडात टाका. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. आणि सॅलडवर टाकायला अख्खी अर्धुकं कशाला? तुकडे स्वस्त पडतात. घरी आणल्यावर फ्रिजमध्ये, घट्ट झाकणाच्या डब्यात. अक्रोड परवडत नसतील तर कोकणातल्या कुणाकडून काजूची पाकळी मागवा, नाहीतर सरळ शेंगदाणे घ्या. खारे नकोत, साले काढलेले भाजके. मला स्वतःला शेंगदाण्यांचेच जास्त आवडतात, पण पाहुण्यांसमोर तसं म्हणत नाही.

मी पीजीत राहते, फक्त इंडक्शन आहे. जमेल का? आणि हे कशावर टाकायचं? मी काकडीच्या कोशिंबिरीवर टाकले, सगळे विरघळले.
— एक विद्यार्थिनी, अंधेरी

जमेल. भांडं जाड हवं आणि आकडा सगळ्यात खालचा.

कोशिंबिरीत मात्र नको गं बाई. मीठ लागलं की काकडीला पाणी सुटतं, वर दही, त्यात साखर किती वेळ टिकणार? तिथे आपलं दाण्याचं कूटच बरं. या अक्रोडांना कोरडी पानं आणि आंबट फळं मानवतात. लेट्यूस, सोललेल्या संत्र्याच्या फोडी, उकडलेलं बीट, पनीरचे चौकोन. किंवा पेरूच्या फोडी, लिंबू, मिरपूड आणि वर तिखट घातलेले काजू, हे तर तुझ्या खोलीतही पाच मिनिटांत होईल. लिंबू-तेल-मीठ कालवून झाल्यावर, ताट हातात घेतल्यावर अक्रोड टाकायचे. डब्यात न्यायचे असतील तर वेगळ्या पुडीत. आणि मैत्रिणींना देण्याआधी सुक्या मेव्याची कुणाला ॲलर्जी नाही ना, ते विचार.

मधुमेह आहे. शुगर-फ्री पावडर चालेल?
— एक वाचक, बोरिवली

त्या पावडरीचा असा पाक होत नाही. अक्रोड चमचाभर तेलावर जिरेपूड, मीठ, तिखट लावून भाजा. कुरकुरीत लागतात, साखरेची आठवणही येत नाही. बरं, थोडी येते.

कढईला साखर सिमेंटसारखी चिकटलीय. घासून हात दुखले.
— एक वाचक, परळ

घासू नका, सुरीने खरवडू तर मुळीच नका. कढई पाण्याने अर्धी भरून गॅसवर ठेवा, पाच-सात मिनिटांत सगळं आपोआप सुटतं. मी एकदा ते गोड पाणी फुकट कशाला घालवा म्हणून त्यातच चहा टाकला होता. तिखट घातलेलं होतं हे ह्यांनी पहिला घोट घेतल्यावर आठवलं.